थिबा राजाचा ट्यूबा: आमची झालेली फसवणूक

राजापूर तालुक्यातील आमच्या खाडीकाठच्या गावात हौशी मंडळींचे एक बँडपथक आहे आणि त्याच्या खजिन्याची किल्ली गेली 9 वर्षे माझ्याकडे आहे. त्यामुळे पुढे सांगितलेल्या प्रकारात माझा दोष इतरांपेक्षा थोडा अधिक आहे, हे आधीच मान्य करतो. पथकात ट्रम्पेट, क्लॅरिनेट, एक युफोनियम आणि ढोल-ताशे होते, नव्हता तो खर्ज धरणारा ट्यूबा, म्हणजे सर्वांत मोठे पितळी फुंकवाद्य, आणि त्यावाचून आमचे वादन वाटप न घातलेल्या आमटीसारखे पातळ लागे.

उत्तम ट्यूबा कसा ओळखावा यावर आमच्या तीन बैठका झाल्या. ज्यांनी जन्मात शंखही फुंकला नव्हता, त्यांची मते सर्वांत ठाम होती. भोंगा सुपापेक्षा मोठा हवा, असे एकाचे म्हणणे पडले. दुसऱ्याच्या मते वाद्य उचलताना आंब्याची भरलेली पेटी उचलल्यासारखे वाटले पाहिजे, तर नुकतेच मुलीचे लग्न उरकलेल्या तिसऱ्या गृहस्थांना ते व्हिडिओत झळकावे अशी इच्छा होती. तीन पिस्टनपेक्षा (म्हणजे बोटाने दाबून स्वर बदलण्याच्या दट्ट्यांपेक्षा) चार पिस्टनचे वाद्य बरे, एवढा एकच मुद्दा त्यातल्या त्यात शहाणपणाचा निघाला, आणि आम्ही नेमके त्यावरच सर्वांत जास्त फसलो. आवाज कसा असावा, हा विषय तिन्ही बैठकांच्या इतिवृत्तात कोठेही नाही.

मुंबईतील जुन्या वाद्यांच्या एका विक्रेत्याने फोनवर छायाचित्रे पाठवली आणि आम्ही दोघे त्याच्याकडे गेलो. ट्यूबा सोन्यासारखा चमकत होता. भोंग्याच्या कडेला 1821 हे साल आणि त्याखाली इंग्रजी अक्षरांत ‘मेड इन गारमनी’ असे कोरले होते. आम्ही रत्नागिरी जिल्ह्यातले आहोत हे कळताच विक्रेता आवाज खाली आणून म्हणाला, “काका, तुम्हाला म्हणून सांगतो, हा थिबा राजाच्या बँडातला आहे.” ब्रह्मदेशाच्या या पदच्युत राजाला इंग्रजांनी रत्नागिरीत आणले ते 1886 मध्ये, त्याचा राजवाडा पुरा झाला 1910 मध्ये आणि तो वारला 1916 मध्ये, शाळेची सहल त्या राजवाड्यात गेलेल्या प्रत्येकाला हे ठाऊक असते, तसे मलाही होते. तरीही 65 वर्षांचे ते अंतर मला दिसले नाही, कारण मी भोंग्यात माझे प्रतिबिंब पाहत होतो.

वाजवून पाहू का, असे विचारल्यावर “पॉलिश अजून ओले आहे, ओठ लावू नका” असे उत्तर मिळाले, मात्र त्याच ओल्या पॉलिशला त्याच्या दुकानातील पोराचे ओठ चालत होते. त्या पोराने चार-पाच स्वरांची एक संथ चाल अप्रतिम वाजवली. दुसरी वाजवायला सांगितली, तेव्हा त्याने पुन्हा तीच वाजवली. हा ‘बी फ्लॅट’ पट्टीतला 18 फुटी नळीचा ट्यूबा आहे, असे विक्रेत्याने तीनदा सांगितले; आम्ही 38 हजार रुपये रोख मोजले आणि पावतीची घडी न वाचता खिशात घातली. कोकण रेल्वेने राजापूर रोड आणि पुढे एसटी असा प्रवास करून वाद्य गावात आले, तेव्हा त्याला ओवाळण्यात आले, हेही लिहून ठेवतो.

पहिल्याच तालमीत ते घागर पाण्यात बुडावी तसे बुडबुडले आणि जो स्वर आला तो कोणाशीही जुळेना. शेवटी सावंतवाडीहून लष्करी बँडातून निवृत्त झालेले एक वादक आले. त्यांनी वाद्याभोवती एक फेरी मारली आणि विचारले, “मेल्यानू, तुमी ट्यूबा इकत घेतलास काय तेचो धाकटो भाव?”

त्यानंतर त्यांनी जी तपासणी केली, तिला दहा मिनिटे लागली, आणि ती आम्ही मुंबईत करू शकलो असतो. जाळ्याची दोरी मागवून त्यांनी ती माउथपीसपासून भोंग्याच्या कडेपर्यंत, एकही पिस्टन न दाबता हवा ज्या वाटेने जाते त्या वाटेने, प्रत्येक वळणाला अंगठ्याने दाबत बसवली. दोरी सरळ करून मोजली तर जेमतेम 13 फूट भरली, म्हणजे वाद्य ‘बी फ्लॅट’चे नसून ‘ई फ्लॅट’ या वरच्या पट्टीचे, आखूड नळीचे होते. मग पिस्टन न दाबता त्याची सरकनळी झटकन ओढली. जोड घट्ट असेल तर बाटलीचे बूच निघाल्यासारखा ‘टप्’ आवाज येतो, आमच्याकडे फक्त उसासा आला. एकाला फुंकायला लावून त्यांनी सांध्यांवरून पेटती अगरबत्ती फिरवली, तेव्हा धूर तीन ठिकाणी उडाला. पिस्टनची परीक्षा त्यांनी आमच्या भाषेत समजावली: सा धरून पहिला दाबला की कोमल नी, दुसरा दाबला की शुद्ध नी, तिसऱ्याने ध, आणि चौथ्याने थेट खालचा पंचम लागला पाहिजे. चौथा दाबला, सा तसाच राहिला. उघडून पाहिले तर आत स्प्रिंग होती, पण त्याच्या नळ्या हवेच्या वाटेला जोडलेल्याच नव्हत्या. ज्या पिस्टनसाठी आम्ही 8 हजार रुपये जादा दिले, तो केवळ दाबण्याच्या समाधानासाठी होता. कोरलेले साल दाखवताच ते खो खो हसले, कारण ट्यूबाचे पहिले पेटंट बर्लिनमध्ये वीपरेख्ट आणि मोरिट्झ यांनी घेतले ते 1835 मध्ये. आमचा ट्यूबा स्वतःच्या शोधाच्या 14 वर्षे आधी जन्मला होता.

उरलेसुरले सत्य माझ्या काकूंनी बाहेर काढले. देवाची समई घासावी तसा त्यांनी आमसूल, राख आणि काथ्या घेऊन भोंगा घासला आणि सोनेरी रंगाबरोबर रंगारी भिंतीला लावतात ती लांबी खपलीखपलीने गळू लागली. खाली तांबूस चट्टे होते. पितळेतील जस्त झिजून नुसते तांबे उरले की असे चट्टे पडतात, धातू ठिसूळ होतो आणि तेथे डाखही धरत नाही, त्यामुळे ताज्या रंगाचे जुने वाद्य दिसले तर रंगाखाली काय आहे हे आधी विचारावे.

विक्रेत्याचा फोन लागेना, म्हणून आम्ही पोलीस ठाण्यात गेलो. तेथील साहेबांनी पावती उघडून मोठ्याने वाचली: ‘जुनी पितळी वस्तू, नग 1.’ मग त्यांनी अत्यंत सौजन्याने विचारले, की यापैकी काय तुम्हाला मिळाले नाही. पावतीवर वाद्याचे नाव, पट्टी, पिस्टनची संख्या किंवा परत घेण्याची मुदत यांतले काहीच नव्हते, आणि रोख दिल्यामुळे बँकेतही पुरावा नव्हता.

तांबटाकडून आम्ही दोन गळत्या बुजवून घेतल्या. तिसरी चट्ट्यावर असल्याने तेथे कापडी पट्टी गुंडाळली आहे. सावंतवाडीच्या काकांनी ‘ई फ्लॅट’साठी सगळे स्वर नव्याने लिहून दिले, आणि यंदाच्या गणपतीच्या मिरवणुकीत वाद्य तीन पिस्टनवर बऱ्यापैकी वाजले. चौथा आमच्या वादकाला करंगळी टेकायला उपयोगी पडतो.