हिऱ्याचं मॅग्नेटोमीटर किट: कॉलेजच्या लॅबसाठी घ्यावं का?

राष्ट्रीय क्वांटम मिशनमधलं सेन्सिंगचं (सूक्ष्म मोजमापाचं) केंद्र पवईच्या आयआयटीकडे आहे. त्यामुळे हिऱ्यातल्या एनव्ही केंद्रांवर (कार्बनच्या जागी नायट्रोजनचा अणू आणि शेजारची जागा रिकामी, अशा दोषांवर) चालणारं, चुंबकीय क्षेत्र मोजणारं किट घ्यावं का, हा प्रश्न मुंबईतल्या एमएस्सीच्या लॅबमध्ये निघणारच. अशाच एका किटचं हे परीक्षण.

खोक्यात ५३२ नॅनोमीटरचा हिरवा लेसर, तीनेक मिलिमीटरचा हिरा, त्याला लागून तांब्याच्या तारेचं वेटोळं, मायक्रोवेव्ह सोर्स, लाल फिल्टर आणि फोटोडायोड एवढंच असतं. लेसरचा चष्मा वेगळा घ्यावा लागतो. त्यात काटकसर नको. हिरव्या लेसरखाली हिरा लाल चमकतो. मायक्रोवेव्हची वारंवारता फिरवत नेली की २.८७ गिगाहर्ट्झला हा लाल उजेड जरासा मंदावतो आणि आलेखात खाच दिसते. चुंबक जवळ आणलं की ही खाच दुभंगते, एनव्ही केंद्राच्या अक्षाच्या दिशेने मिलिटेस्लामागे दोन्ही बाजूंना २८ मेगाहर्ट्झ. चुंबक सावकाश वळवलं की हिऱ्यातल्या अशा चार अक्षांच्या आठ खाचा सुट्या होतात. फार देखणा प्रयोग आहे, शिकवण्यासाठी तर डोळे झाकून घ्यावा.

मोजमापाचं यंत्र म्हणून मात्र किट अर्धवट आहे. खाच जेमतेम एखाद टक्का खोल आणि लेसरचा उजेडही जवळपास तेवढाच हलतो. काचेची पट्टी तिरकी लावून थोडा हिरवा उजेड दुसऱ्या फोटोडायोडवर घ्या आणि तो सिग्नल पहिल्यातून वजा करा. लॅमिंग्टन रोडवरचा साधा बीपीडब्ल्यू ३४ फोटोडायोड चालतो. त्यावर लॉक-इन (ठरावीक वारंवारतेचाच सिग्नल वेचणारा अॅम्प्लिफायर) जोडला की ५० हर्ट्झची घरघरही बाजूला पडते.

खरी गोची तापमानाची. सोबतचं पुस्तक एकाच खाचेवर नजर ठेवायला सांगतं, ते चूक आहे. हिरा एका अंशाने तापला की २.८७ गिगाहर्ट्झचा मध्य ७४ किलोहर्ट्झने खाली येतो, म्हणजे अडीच मायक्रोटेस्लाचं खोटं रीडिंग. एसी चालू-बंद झाला तरी आलेख सरकतो. जोडीच्या दोन्ही खाचा मोजा: फरकातून क्षेत्र मिळतं, सरासरीतून तापमान.

मुंबईत पृथ्वीचं क्षेत्र चाळीसेक मायक्रोटेस्ला, म्हणजे खाच फार तर मेगाहर्ट्झभर सरकणार. रुंद खाचेत ते हरवतं, म्हणून बायसचं, म्हणजे खाचा आधीच दूर करून ठेवणारं कायमचं चुंबक लागतंच. किटमधलं निओडिमियमचं आहे. ते अंशामागे सुमारे ०.१ टक्का कमजोर होतं. ५ मिलिटेस्लाच्या बायसला हाच फरक ५ मायक्रोटेस्ला, आणि तो दोन खाचांच्या वजाबाकीतूनही जात नाही. सॅमेरियम-कोबाल्टचं चुंबक बसवा, त्याचं हे प्रमाण बरंच कमी असतं. लोखंडी स्क्रू काढून नागदेवीतून पितळी आणा.

खाच दिसली की लेसर बंद करून एकदा स्वीप घ्या, म्हणजे वारंवारता पुन्हा फिरवा. तरीही दिसली, तर ती हिऱ्याची नाही: फोटोडायोडच्या केबलमध्ये मायक्रोवेव्ह शिरतेय. केबल शिल्डेड घ्या, वेटोळ्यापासून लांब न्या आणि पॉवर कमी करा. पॉवर जास्त असली की खाचही रुंदावते.