गावी उभी असलेली गाडी: कार्ब्युरेटर साफ करावा, किट टाकावं की नवाच घ्यावा?

मे महिन्यात गावी लावून ठेवलेली गाडी गणपतीला बाहेर काढली, की किका मारून मारून पाय भरून येतो. चोक ओढला तर ती कशीबशी फुरफुरते, सोडला की बंद. मेकॅनिक नुसतं बघून सांगतो, "कार्ब्युरेटर गेला, नवा टाकू." जुनी स्प्लेंडर असो, आरएक्स १०० असो की बुलेट, इतक्या लवकर होकार देऊ नका. कार्ब्युरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग. चार महिन्यांत तो झिजत नाही, तुंबतो.

तुंबण्याचं कारण पेट्रोलच. त्यातला हलका भाग उडून जातो आणि तळाला चिकट थर राहतो. शिवाय आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतली ओल शोषतं, आणि पावसाळ्यातल्या कोकणात ओलीला काय तोटा! पाणी फार झालं की ते इथेनॉलला घेऊन खाली बसतं. मग कार्ब्युरेटरच्या तळाशी पेट्रोल साठतं त्या वाटीत पांढरी भुकटी, आणि पितळी जेटांवर, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तुकड्यांवर, हिरवट डाग. स्लो जेटचं (गाडी उभ्या जागी मंद चालताना पेट्रोल देणाऱ्या जेटचं) भोक बहुतेक छोट्या गाड्यांत अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक असतं, त्यामुळे पहिला बळी त्याचाच. म्हणून तर चोकवर चालणारी गाडी स्लोवर उभी राहत नाही.

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे वाटीचा ड्रेन स्क्रू सैल करून जुनं पेट्रोल काढायचं, टाकीही रिकामी करायची आणि ताजं भरायचं. गाडी महिना-दीड महिना उभी असेल तर एवढ्यावर भागू शकतं. पावसाळाभर उभी असेल तर मी यावर वेळ घालवणार नाही. टाकीत ओतायची क्लीनरची बाटलीही तेव्हा फारशी कामाची नाही: भोक पूर्ण बंद असेल तर औषध तिथून जाणार कुठून?

खोलून साफ करणं हा खरा इलाज, आणि बहुतेक गाड्यांना तो पुरतो. जेट काढायचे, क्लीनर स्प्रे मारायचा, प्रत्येक वाटेतून कॉम्प्रेसरची हवा मारायची आणि जेट उजेडासमोर धरून आरपार दिसतंय का बघायचं. स्टीलची तार किंवा सुई घालू देऊ नका. भोक केसभर मोठं झालं तरी मिश्रण बिघडतं आणि ॲव्हरेज पडतं. एअर स्क्रू (मंद चालीत हवेचं प्रमाण ठरवणारा) काढण्याआधी तो किती फेऱ्यांत बसतो ते मोजून ठेवा. डायफ्रामवाला (रबरी पडद्याचा) कार्ब्युरेटर असेल तर स्प्रे मारण्याआधी रबर बाहेर काढा, नाहीतर शंभर रुपयांचा स्प्रे मोठ्या खर्चात पाडेल.

ओव्हरफ्लोच्या नळीतून पेट्रोल ठिबकत असेल तर मात्र सफाईवर थांबू नका. फ्लोट नीडलचं, म्हणजे वाटी भरली की पेट्रोल अडवणाऱ्या सुईचं, टोक कडक झालेलं असतं किंवा त्यावर चर पडलेली असते. अशा वेळी किट घ्या: नीडल, गॅस्केट, ओ-रिंग. नव्या कार्ब्युरेटरच्या तुलनेत खर्च किरकोळ. फ्लोट (वाटीत तरंगणारा पोकळ तुकडा) कानाजवळ हलवून बघा, आत पेट्रोल खळखळलं तर तोही बदला. आणि टाकीखालचा पेट्रोलचा कॉक उघडा राहून पेट्रोल गळत असेल, तर आधी इंजिन ऑइल बघा. पातळी वाढली असेल, पेट्रोलचा वास येत असेल, तर किक मारू नका. ऑइल बदलल्याशिवाय गाडी चालू करणं म्हणजे बेअरिंगची वाट लावणं.

नवा कार्ब्युरेटर कधी? स्लाइड (ॲक्सिलरेटरबरोबर वर-खाली होणारा दट्ट्या) बॉडीत आडवी हलत असेल, आटे गेले असतील, किंवा गंजाचे खड्डे नीडलच्या सीटपर्यंत (ती जिथे टेकते त्या जागेपर्यंत) पोचले असतील तेव्हा. अनेक छोट्या कार्ब्युरेटरांत सीट बॉडीतच ठोकलेली असते, ती वेगळी बदलता येत नाही. पण निर्णयाआधी मॅनिफोल्डचं (कार्ब्युरेटर इंजिनाला जोडणाऱ्या नळीचं) रबर आणि ओ-रिंग तपासा. तिथून हवा ओढली जात असली, तरी गाडी आपोआप रेस होते आणि दोष कार्ब्युरेटरवर येतो.

घ्यायचाच तर मूळ बनावटीचा, म्हणजे स्प्लेंडरला केहिन, जुन्या बुलेट ३५०ला मिककार्ब. निम्म्या किमतीचा बिननावाचा माल चकचकीत दिसतो, पण त्यातले जेट तुमच्या इंजिनाच्या मापाचे असतीलच असं नाही. गाडी चालू होते, मग प्लग काळा पडत राहतो. त्यापेक्षा वीस वर्षांचा मूळ कार्ब्युरेटर किट टाकून मी केव्हाही पसंत करेन. नवा बसवलाच, तरी जुना मेकॅनिककडे सोडून येऊ नका. त्याचे जेट आणि स्लाइड कामाला येतात.

यातलं काहीही केलंत तरी टाकीचं झाकण उघडून आत टॉर्च मारा. तळाला गंज दिसला तर टाकी आधी धुऊन घ्या आणि पेट्रोलच्या नळीत फिल्टर टाका. नाहीतर साफ केलेला काय आणि नवा काय, दोन्ही दसऱ्यापर्यंत पुन्हा तुंबतील.