मड टेरेन टायर, थार आणि ३१ हजार किलोमीटरनंतरचा माझा हिशोब

आधीच सांगतो, ब्रँडचं नाव लिहिणार नाहीये. नाव लिहिलं की निम्मे लोक म्हणणार अरे तो कशाला घेतला, निम्मे म्हणणार माझ्याकडं तोच आहे मला काय त्रास नाही, आणि मूळ मुद्दा राहतो बाजूला. मी जे लिहितोय ते मड टेरेन, म्हणजे चिखलासाठी बनवलेल्या मोठ्या खाच्यांच्या टायरच्या जातीबद्दल आहे. गाडी थार डिझेल फोर बाय फोर, २०२१ ची. टायर टाकले मे २०२३ ला, तेव्हापासून ३१ हजार झालेत. ऑफिसला मी स्कूटरनं जातो त्यामुळं गाडीचं रनिंग बहुतेक दोनच रस्त्यांवरचं, एक पुणे ते मुळशीत पौडच्या पुढं आमचं भाताचं रान आणि दुसरा पुणे ते बार्शीजवळची सासुरवाडी. म्हणजे एकीकडं तांबडी माती आणि कोसळणारा पाऊस, दुसरीकडं काळी रानं. हे का सांगतोय ते पुढं कळेल, सगळी गोम त्यातच आहे.

साईजपासून सुरू करतो कारण माझं पहिलं डोकं तिथंच फिरलं. गाडीला कंपनीकडून आलेले २५५/६५ आर १८, ऑल टेरेन, म्हणजे डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हीला चालणारे. दिसायला मस्त, रोडला मस्त, पण १८ च्या रिंगेला त्या साईजमध्ये मड टायर शोधायला गेलो तर दुकानदार हात वर करतात, असले तर एकदोन पर्याय आणि भाव विचारू नका. मग कळलं की थारच्या बेस व्हेरियंटला कंपनीच २४५/७५ आर १६ देत होती, साध्या लोखंडी रिंगांवर. तेच केलं, रिंगासकट बदललं. आता आकडे बघा, १८ म्हणजे रिंग इंचात, २५५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये आणि ६५ म्हणजे त्या रुंदीच्या ६५ टक्के उंची, म्हणजे रिंग आणि जमिनीच्या मध्ये रबर १६६ मिमी. नवीन साईजला तेच रबर १८४ मिमी. चाकाची एकूण उंची मात्र ७८९ वरून ७७४ वर आली, म्हणजे गाडी सात-साडेसात मिमी खाली बसली आणि स्पीडोमीटर १०० दाखवतो तेव्हा आधीपेक्षा दोनेक किलोमीटर कमीच पळतोय. मित्र म्हणाला येडा आहेस का, लोक मोठे टायर टाकतात आणि तू बारके टाकलेस. पण चिखलात हवा काढल्यावर जे काम करतं ते हे रबर करतं, रिंग नाही. अठराच्या रिंगेला हवा काढून दगडावर घातली की रिंगच वाजते. आणि गाडीच्या कुठल्यातरी व्हेरियंटला कंपनीनं दिलेली साईज असली की पुढं इन्शुरन्सवाल्यासमोर बोलायला तोंड राहतं.

साईडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, अजून एक आकडा असतो तो कुणी वाचत नाही. माझ्यावर १२०/११६ क्यू आहे. १२० म्हणजे एक टायर १४०० किलो उचलतो, क्यू म्हणजे ताशी १६० पर्यंत. कामाचा अर्थ एवढाच की हा लाइट ट्रकचा टायर आहे, जाड, कडक आणि जड. घरच्या वजनकाट्यावर जुना-नवा दोन्ही उभे करून पाहिले, नवा साडेचार किलोनं जास्त भरला. चार चाकांचे अठरा किलो, तेही फिरणारे. अ‍ॅव्हरेज साडेबाराचं अकरावर आलं आणि सिग्नलवरून उचलताना पायाला फरक कळतो. ज्यांना वाटतं टायरनं अ‍ॅव्हरेजला काय होतंय त्यांनी टाकून बघावेत.

खरेदीचा किस्सा. पहिल्या दुकानात भाव चांगला मिळाला, टायर उतरवले, मी खाली बसून टायर कधी बनला ते सांगणारा डॉट कोड बघितला तर शेवटचे चार आकडे ०९२१. म्हणजे २०२१ चा नववा आठवडा, आणि आपण उभे मे २०२३ मध्ये. मी म्हणलं शेठ हा तर सव्वादोन वर्षं जुना माल आहे. तर म्हणे, "साहेब, रबर काय दूध आहे का नासायला?" बोलायला बिनतोड आहे, पण मड टायर आपण वर्षाला दहा-पंधरा हजार चालवणारे लोक चार वर्षं वापरतो, शेवटाला नक्षी शिल्लक असते आणि रबर मात्र कडक होऊन चिरा पडायला लागतात. त्यामुळं सुरुवातीलाच सव्वादोन वर्षं घालवायची तर भावात तेवढं दिसलं पाहिजे. नाही दिसलं, निघालो. दुसऱ्या दुकानात त्याच वर्षातले मिळाले, हजार रुपये जास्त गेले प्रत्येकी. चार टायर, रिंगा, फिटिंग, बॅलन्सिंग, अलाइनमेंट आणि नंतर मागून घ्यावा लागलेला पाचवा, सगळं धरून लाखाच्या वर गेलं. घरी खरा आकडा अजून सांगितलेला नाही.

आवाज. हो, आहे. चाळीसपर्यंत काही नाही, पन्नासला गुणगुण, ऐंशीला पिठाच्या गिरणीशेजारी राहायला आल्यासारखं. आमची पोरगी तीन वर्षांची आहे, ती या आवाजात दहा मिनिटात झोपते आणि गाडी थांबली की रडत उठते, त्यामुळं आता टोलनाक्यावर मला घाम फुटतो. पण गंमत सोडली तर आवाज वाढत जातो हे लक्षात ठेवा. नक्षीतल्या रबरी ठोकळ्यांची एक कड जास्त झिजते, टायरवर हात फिरवला की एका बाजूनं मऊ लागतं आणि उलट फिरवला की करवतीसारखं, आणि ती करवत जितकी मोठी तितका आवाज मोठा. उपाय एकच, टायरच्या जागा आपसात फिरवत राहायचे. मी दर आठ हजाराला करतो. एकदा बारा हजारापर्यंत लांबवलं त्याचं फळ अजून ऐकतोय.

ओल्या डांबरावर मात्र जपून. हे लिहायलाच पाहिजे कारण लोकांना वाटतं एवढे मोठे खाचे म्हणजे पावसात भारी पकड. उलटं आहे. ऑल टेरेनला ठोकळ्यांवर बारीक बारीक चिरा असतात त्या ओल्या रस्त्याला धरतात, मड टायरला ठोकळे मोठे, मोजके आणि चिरा नावाला. ताम्हिणीत जुलैमध्ये धुकं, पाऊस, उताराचं वळण, समोर अचानक म्हशी, तेव्हा ब्रेक दाबला आणि गाडी जिथं थांबेल असं मला वाटलं होतं त्याच्या चांगली पुढं जाऊन थांबली. एबीएसची थरथर पायाला लागत होती आणि म्हैस माझ्याकडं बघत होती. तेव्हापासून घाटात पुढच्या गाडीपासून आधीच्या दुप्पट अंतर.

आता चिखल. मुळशीकडं लावणीच्या टायमाला आमच्या रानाकडं जायचा शेवटचा अर्धा किलोमीटर म्हणजे निव्वळ राडा. आधीच्या टायरवर तिथं गाडी लावून चालत जायचो. मड टायरवर पहिल्याच दिवशी फोर व्हील लोमध्ये सेकंड गिअर टाकून पाय हलका ठेवून गेलो ते थेट खाचराच्या बांधापर्यंत. कारण साधं आहे. तिथला चिखल पातळ आहे आणि खाली मुरूम, टायर वरचा राडा कापत खाली जातो, ठोकळ्याला तळाचा मुरूम लागला की गाडी चालली. आणि पातळ चिखल खाच्यातून आपोआप बाहेर फेकला जातो, म्हणजे प्रत्येक फेरीला टायर धुतल्यासारखा नवा होऊन जमिनीला लागतो. या कामासाठी दहापैकी दहा मार्क, काही बोलायलाच नको.

मग बार्शी. ऑक्टोबर, परतीचा पाऊस दोन दिवस लागून नुकता उघडलेला, सोयाबीनची गंजी वस्तीवर झाकून ठेवलेली, आणि वस्तीला जाणारी पाणंद सहाशे मीटर. मेव्हणा म्हणाला, "दाजी, गाडी हितंच लावा, चालत जाऊ." मी मुळशीचा हिरो, ऐकतोय कशाला. पन्नास मीटर गेलो नसेन, गाडी तिरकी चालायला लागली, स्टेअरिंग फिरवलं तरी सरळच. काच खाली करून चाक बघितलं तर नक्षी कुठंय? काळी माती खाच्यांत गच्च बसलेली आणि चाक वरून शेणानं सारवल्यासारखं गुळगुळीत. लाखाचा टायर गोटा झालेला. ही माती सुटत नाही हो, ती चप्पल खेचून घेते तिथं रबराची काय कथा. माती फेकायची तर चाक जोरात फिरवायला लागतं म्हणून अ‍ॅक्सिलरेटर दिला, माती उडाली खरी, पार पत्र्यावर, मडगार्डच्या आत, माझ्या कानात, आणि खाचे मोकळे झाल्या झाल्या टायरनं खोदायला सुरुवात केली. मुळशीत खाली मुरूम होता. इथं खाली काय? काळी मातीच, कितीही खाली जा. पाच सेकंदात मागचा अ‍ॅक्सल टेकला.

ट्रॅक्टर आला, साखळी लावली, गाडी निघाली, निम्मं गाव बघायला. सासरे काहीच बोलले नाहीत, संध्याकाळी चहा पिताना फक्त म्हणाले, "वापसा आल्याबिगर आमी बैल बी घालत नाय रानात." मग मी खुरपं घेऊन तासभर ठोकळ्यांमधली माती काढत बसलो. दुसऱ्या दिवशी हायवेला ऐंशीच्या पुढं स्टेअरिंग थडथडायला लागलं, म्हणलं अलाइनमेंट गेलं, तर तसं काही नव्हतं, रिंगेच्या आतल्या बाजूला वाळलेल्या मातीचा ढेकूळ चिकटलेला. तेवढ्यानं चाकाचं बॅलन्स जातं. चिखलातून आल्यावर बाहेरून धुता तसं रिंगेच्या आतून पण पाईप मारा.

या सगळ्यात मला उशिरा कळलेली गोष्ट म्हणजे हवा. मुळशीत मी पहिलं वर्षभर रोडच्याच हवेवर घुसत होतो. आता रोडला ३२ पीएसआय, चिखलात १८. हवा काढली की टायर रुंद होतो म्हणतात, खरं तर तो जास्त लांबीला पसरतो, रणगाड्याच्या पट्ट्यासारखा थोडा, आणि ठोकळे वाकायला लागले की माती पण सुटते. पंधराच्या खाली मी जात नाही, टायर रिंगेवरून उतरला तर चिखलात परत बसवणं म्हणजे बारा वाजले. आणि १८ वर परत डांबराला लागून ऐंशीनं पळू नका, साईडवॉल तापतो. बारका बारा व्होल्टचा कॉम्प्रेसर आहे, चार चाकं परत भरायला वीस-पंचवीस मिनिटं जातात, तेवढ्यात डबा खाऊन होतो. रोडची हवा ठरवताना शाळेतल्या खडूची आडवी रेघ टायरवर मारली आणि सरळ रस्त्यावर थोडं चालवलं. मधली रेघ आधी पुसली तर हवा जास्त, कडेची आधी पुसली तर कमी. ३६ पासून उतरत ३२ ला बरोबर पुसली. तुमच्या गाडीचं वजन वेगळं, आकडा वेगळा येईल, माझा उचलू नका.

आणि स्टेपनी. चारच घेतले होते, पैसे वाचवायला, मागं १८ ची जुनी तशीच लटकत ठेवली. डिसेंबरमध्ये राजापूरकडं मित्राच्या बागेत जांभ्याच्या कडेनं साईडवॉल चिरला. तिथं कुठलाही टायर चिरला असता, फोडलेल्या जांभ्याची धार कोयत्यासारखी असते. पण स्टेपनी लावली तर तिचा घेर मोठा, आणि थारमध्ये फोर व्हील टाकलं की पुढचा-मागचा शाफ्ट एकत्र बांधला जातो, वेगळ्या घेराची चाकं असतील तर गिअरवर ताण येतो. म्हणजे फोर बाय फोर घेऊन टू व्हीलवर कसाबसा घाट चढून आलो. पाचवा टायर त्याच आठवड्यात घेतला. घेताना पाच घ्या, फिरवताना पण पाच फिरवा.

बाजारात काय मिळतं हा प्रश्न येतोच. बीएफगुडरिचचा केएम३, योकोहामाचा जिओलँडर एम/टी, मॅक्सिसचा बिगहॉर्न ही नावं सगळीकडं ऐकू येतात, पण जून २०२० मध्ये सरकारनं नवीन टायरच्या आयातीवर निर्बंध घातले, आयएसआयचा शिक्का पण बंधनकारक, त्यामुळं बाहेरून येणाऱ्या मालाचं आज आहे उद्या नाही असं चालतं. मॉडेल ठरवायच्या आधी तुमच्या साईजचा परत एक टायर मिळेल का ते विचारा. साईडवॉल चिरला तर तो शिवून हायवेला पळवायचा नसतो, बदलायचाच असतो. आणि गोव्यात २०१४ ला सुरू झालेल्या रेनफॉरेस्ट चॅलेंज या पावसाळी ऑफ-रोड स्पर्धेतल्या गाड्यांचे फोटो बघून टायर घेऊ नका, त्या गाड्यांना स्वतःला ओढून काढायला विंच असतात, दोन्ही चाकं एकत्र फिरवणारे लॉकर असतात, आणि त्यांना दुसऱ्या दिवशी पोरीला शाळेत सोडायचं नसतं.

मी परत घेईन का? मुळशीचं रान आहे तोवर कदाचित हो. फक्त बार्शीचं असतं तर नक्की नाही, तिथं ऑल टेरेन, गाडी ओढायचा एक चांगला पट्टा आणि मेव्हण्याच्या ट्रॅक्टरमध्ये डिझेल, एवढं पुरतं. लोणावळा-महाबळेश्वर आणि दिसायला दणकट म्हणून घेणार असाल तर पैसे उडवताय, वर ओल्या रस्त्याला ब्रेक कमी करून घेताय.

परवा पट्टीनं मोजली, नवीन असताना १५ मिमी नक्षी होती ती आता ९ वर आहे. कायद्यानं १.६ पर्यंत चालते पण चिखलात ६-७ च्या खाली या टायरला काही अर्थ राहत नाही असं माझं मत. म्हणजे अजून एक लावणी, फार तर दोन. काढलेले चार १८ चे ऑल टेरेन विकायचे म्हणून सासुरवाडीला नेऊन ठेवले होते, त्यातल्या तीन टायरना गिऱ्हाईक मिळालं. चौथ्यात पाणी साठवून शेळ्यांना ठेवलंय, ते आता परत मिळणार नाही.