‘अजून काही?’ : ठाण्यातल्या दोन दिवसांच्या जोडप्यांच्या कार्यशाळेविषयी

ठाण्यातल्या एका समुपदेशन केंद्रात शनिवार-रविवारी होणारी ही कार्यशाळा ‘इमागो संवाद’ (इमागो म्हणजे मनात ठसलेली प्रतिमा) या पद्धतीवर बेतलेली आहे. हारविल हेंड्रिक्स आणि हेलन लाकेली हंट या अमेरिकी दांपत्याने १९८० च्या दशकात ती मांडली. जोडीदार वर्षानुवर्षं ज्या एका गोष्टीवरून टोकत असतो, तिथेच बहुधा आपली वाढ खुंटलेली असते, हा तिचा गाभा.

पहिला दिवस फक्त ऐकण्याचा. एकाने दोन-तीन वाक्यं बोलायची. दुसऱ्याने ती जशीच्या तशी परत म्हणायची, मग विचारायचं, “बरोबर ऐकलं का? अजून काही?” समोरच्याचं संपेपर्यंत हेच. त्यानंतर “तुझ्या जागेवरून पाहिलं तर हे साहजिक आहे, कारण…” आणि शेवटी “तेव्हा तुला … वाटलं असेल.” मग भूमिका बदलायच्या.

वाचायला हे पोरकट वाटेल, करताना घाम फुटतो. बोलणारा थांबत नाही आणि ऐकणाऱ्याच्या हाती फक्त शेवटचं, बहुतेक वेळा सर्वात झोंबणारं वाक्य उरतं. इथल्या मार्गदर्शक तिसऱ्या वाक्याला हात वर करून थांबवतात, ते उत्तम. दुसरी अडचण जास्त खोल आहे : ‘समजलं’ म्हणजे ‘कबूल केलं’ अशी भीती. ती गेल्याशिवाय ‘साहजिक आहे’ हे शब्द घशातच अडकतात, म्हणून या टप्प्याला आणखी तासभर द्यायला हवा होता.

दुसऱ्या दिवसाचं काम मात्र मोलाचं. तक्रारीची विनंती करायची, तीही मोजता येईल अशी. “तू घरात असून नसल्यासारखा असतोस” याचं होतं : “पुढचे दोन आठवडे, सोमवार ते शुक्रवार, घरी आल्यावर पहिली दहा मिनिटं मोबाइल बाजूला ठेवून माझ्यासोबत चहा घे.” अशा तीन विनंत्या मांडायच्या, समोरच्याने त्यातली एकच, स्वतःच्या मर्जीने निवडायची. तिन्ही गळ्यात मारल्या की पुन्हा हिशेब सुरू होतो. ज्याने लहानपणापासून मनातलं मनात ठेवायचं एवढंच शिकलंय, त्याला ती दहा मिनिटं जड जातात. पण जड जातं तिथेच तो वाढतो. ती विनंती जोडीदाराला हवीहवीशी असते आणि त्याची स्वतःची गरजही तीच असते.

घरी सराव आठवड्यातून दोनदा, वीस-तीस मिनिटं. आधी विचारायचं, “आत्ता वेळ आहे का?” नसेल तर चोवीस तासांच्या आतली वेळ सांगायची. लोकलमधून उतरून आल्या आल्या नको. वन-बीएचकेत सासू-सासरे असतील तर सकाळी लवकर उपवन किंवा मासुंदा तलाव गाठावा. चालत नको, बाकावर समोरासमोर बसून. चालताना चेहरा दिसत नाही.

दिलेली टिपणं निराश करतात. ‘असुरक्षितता’, ‘नाकारलेपण’ असे शब्द कोण बोलतं? हिरमुसणं, घुसमट, धास्ती, रुखरुख हे शब्द असताना? शिवाय बायको ‘अहो’ आणि नवरा ‘अगं’ म्हणतो तिथे परत म्हणताना कोणतं सर्वनाम वापरायचं, यावर एक ओळही नाही. आपापली रोजची हाक बदलू नये. बदलली की नाटक वाटतं.

बालपणाच्या नकळत ठसलेल्या प्रतिमेवरून आपण जोडीदार निवडतो, हा सिद्धांत इथे फार ताणला जातो. पत्रिका आणि कांदेपोह्यांतून ठरलेल्या लग्नात निवड बऱ्याच अंशी घरच्यांची असते. संवादाचं तंत्र मात्र तिथेही तेवढंच चालतं.

एक त्रुटी गंभीर आहे. नावनोंदणीच्या वेळी दोघांशी वेगवेगळं बोलून मारहाण किंवा धाक आहे का, हे विचारलं जात नाही. तसं असेल तर मोकळं बोलणं घरी गेल्यावर महागात पडतं. अशा घरात हा सराव करू नये. महिलांसाठी १८१ ही हेल्पलाइन आहे, आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याखाली संरक्षण मागता येतं.

पैसे भरण्याआधी दोन गोष्टी विचाराव्यात : जोडपी किती असणार, आणि महिन्याभराने पुन्हा बोलावणार का. सहाच्या वर जोडपी असतील तर मार्गदर्शकांचा तो वर केलेला हात सगळ्यांपर्यंत पोचणार नाही.