नगरवासीयांनी काढलेले महाविद्यालय : ठाण्यातील एका अभ्यासवर्गाचा परिचय

नौपाड्यातील एका छोट्या सभागृहात नुकताच पार पडलेला, केंब्रिजच्या कॉर्पस क्रिस्टी महाविद्यालयाच्या इतिहासावरील चार व्याख्यानांचा मराठी अभ्यासवर्ग ठाण्यातील इतिहासप्रेमींनी आवर्जून करावा असा आहे. जुन्या इंग्रजी महाविद्यालयांचा विषय निघाला की राजे, बिशप आणि तेथे शिकून गेलेल्या थोरांची नामावळी यांपलीकडे आपण सहसा जात नाही. येथे मात्र, हे महाविद्यालय गावच्या लोकांनी काढले, ही गोष्ट व्याख्यात्यांनी आरंभीच सांगितली आणि तो धागा अखेरपर्यंत सुटू दिला नाही.

१३४८-४९ च्या महामारीने केंब्रिजमधील घरेच्या घरे ओस पडली. मृतांच्या आत्म्यांसाठी प्रार्थना करणारे शिकलेले धर्मगुरू मिळावेत, या हेतूने नगरवासीयांच्या दोन गिल्ड, म्हणजे धार्मिक मंडळ्या, एकत्र आल्या, लँकेस्टरचा ड्यूक हेन्री याचे वजन वापरून त्यांनी तिसऱ्या एडवर्ड राजाचा परवाना मिळवला आणि १३५२ मध्ये महाविद्यालय स्थापन झाले. सुरुवातीला एक प्रमुख आणि दोन फेलो, म्हणजे महाविद्यालयाचे विद्वान सदस्य, एवढाच त्याचा व्याप होता. पुढे १३८१ च्या उठावात याच गावच्या लोकांनी महाविद्यालयावर चाल करून कागदपत्रे जाळली. चर्चमधील मेणबत्त्यांच्या खर्चापोटी घरांवर लादलेल्या मेणबत्ती-भाड्याचा राग हे त्यामागचे कारण सांगितले जाते. संस्थापकांची संस्था तीसेक वर्षांत गावाला परकी कशी झाली, हा भाग व्याख्यात्यांनी कोणाचीही बाजू न घेता, जमिनीच्या हिशेबासह उलगडला. संपूर्ण वर्गातील तो सर्वांत सकस तास होता.

मॅथ्यू पार्करवरील व्याख्यानही तितकेच रंगले. १५४४ ते १५५३ या काळात येथे प्रमुख असलेले पार्कर १५५९ मध्ये कँटरबरीचे आर्चबिशप झाले. मठ बंद पडल्यामुळे विखुरलेली हस्तलिखिते त्यांनी जमवली आणि चारशेहून अधिक हस्तलिखिते महाविद्यालयाला दिली. ‘संत ऑगस्टीनची शुभवर्तमाने’ म्हणून ओळखली जाणारी, येशूच्या चरित्राची सहाव्या शतकातील प्रत त्यांतलीच. दानाची अट मात्र कडक होती : निष्काळजीपणाने ठरावीक संख्येपेक्षा अधिक ग्रंथ गहाळ झाल्यास सारा संग्रह गॉनव्हिल अँड कीज महाविद्यालयाकडे जाणार, आणि तेथेही तसेच घडले तर ट्रिनिटी हॉलकडे. शेजाऱ्यांना पहारेकरी नेमण्याची ही युक्ती ऐकताना सभागृहातील ग्रंथालयांचे जुने कार्यकर्ते भराभर टिपणे घेत होते. १८९३ साली वि. ल. भावे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ठाण्यात मराठी ग्रंथ संग्रहालय उभे केले, तेही लोकांच्या बळावरच. त्यामुळे लोकांनी उभारलेला संग्रह पिढ्यानपिढ्या कसा राखावा, हा प्रश्न येथे परका नाही. व्याख्यात्यांनी हा दुवा जोडला असता तर बरे झाले असते.

उणिवा सांगायलाच हव्यात. शेवटचे व्याख्यान इंग्रज नाटककार ख्रिस्तोफर मार्लोभोवतीच घुटमळले. पार्करच्या शिष्यवृत्तीवर तो येथे शिकला हे खरे, पण त्याच्या गूढ मृत्यूची चर्चा महाविद्यालयाच्या इतिहासात किती वेळ करायची? त्यापायी विल्यम विल्किन्सच्या आराखड्यानुसार १८२०च्या दशकात बांधलेल्या न्यू कोर्टला (कोर्ट म्हणजे चौकाभोवतीची इमारत) पाच मिनिटेही मिळाली नाहीत, आणि पार्करचा ग्रंथसंग्रह आज तेथेच आहे. छापील टिपणात नकाशा नव्हता, त्यामुळे जुने कोर्ट, शेजारचा संत बेनेटच्या चर्चचा सॅक्सन मनोरा आणि गावची वस्ती यांची परस्परांतली जागा डोळ्यांसमोर येत नव्हती. मागच्या रांगेत ध्वनिक्षेपक नीट ऐकू येत नव्हता.

५०० रुपये शुल्क मला रास्त वाटले. ग्रंथालयशास्त्राचे विद्यार्थी आणि सार्वजनिक संस्थांच्या विश्वस्तांनी पुढच्या वर्गाला पहिल्या दिवसापासून जावे, कारण पहिल्या दोन व्याख्यानांतील जमिनीचे व्यवहार हुकले तर पार्करच्या अटींचे महत्त्व नीट कळत नाही.