सुपर व्हिसाचा इन्शुरन्स घेतला, आमचा अनुभव (तीन स्टार)
रिटायर झाल्यावर आम्ही दोघं कॅनडात मिसिसागाला लेकाकडे आलो सुपर व्हिसावर (इथे राहणाऱ्यांच्या आईवडील, आजीआजोबांसाठीचा लांब मुक्कामाचा व्हिसा), त्याला कमीत कमी 1 लाख कॅनेडियन डॉलरचं कव्हर आणि वर्षभराची पॉलिसी लागतेच, त्याशिवाय व्हिसाच नाही. कंपनीचं नाव लिहीत नाही. प्रीमियम कमी पडावा म्हणून 1000 डॉलर डिडक्टिबल (म्हणजे बिलातली पहिली तेवढी रक्कम आपणच भरायची) घेतलं आणि तिथेच माती खाल्ली, कारण फेब्रुवारीत ड्राइव्हवेतल्या बर्फावरून ह्यांचा पाय घसरला, मनगट मोडलं. तशा अवस्थेतही अँब्युलन्स नको म्हणाले, ओहिप कार्ड (इथल्या प्रांताच्या सरकारी आरोग्य विम्याचं) नसेल तर ऑन्टारियोत तिचे 240 डॉलर लागतात ना! लेकाने गाडीने नेलं, मी मागच्या सीटवर बसून पॉलिसीच्या कार्डावरचा नंबर फिरवत होते, तो फोन आधी करावाच लागतो नाहीतर क्लेम कापतात. फोनवरची बाई मात्र शांतपणे बोलली. बिल 1460, आमच्या हातात आले 460, तेही सहा आठवड्यांनी.

खरा राग एजंटवर आहे. निघायच्या दोन महिने आधी ह्यांची बीपीची गोळी 5 ची अडीच झाली होती. आमच्या पॉलिसीत 180 दिवसांत डोस बदलला की तो आजार कव्हरच नाही, कमी केला तरीसुद्धा! त्याने विचारलंच नाही, मला कळलं पान नंबर 14 वर, इथे आल्यावर.

रिन्यू करताना डिडक्टिबल शून्य करूया म्हणतेय, लेक म्हणतो आई आधी प्रीमियम बघ.