गिअरबॉक्सपायी १,५६,५०० रुपये गेले

लिहायची लाज वाटते. पण आमच्या गोव्यात कुंडई, वेर्ण्याच्या कारखान्यांकडे जुने फोर्कलिफ्ट चालवणारे पुष्कळ आहेत, म्हणून लिहितो.

चवथीच्या तोंडावर आमचा तीन टनी डिझेल फोर्कलिफ्ट रिव्हर्सला हलेना. ट्रान्समिशनचं ऑइल काळं, जळका वास. आतल्या क्लच प्लेटी गेलेल्या. दुसरा गिअरबॉक्स टाकायचं ठरलं. फोनवर परराज्यातला एक व्यापारी मिळाला. "शेठ, तुमच्या बॉक्सवरचा नंबर पाठवा." मी नेमप्लेटचा फोटो पाठवला. दुसऱ्या दिवशी त्याच्या मालाचा फोटो आला, वर तोच नंबर. मी लगेच ५०,००० आगाऊ दिले, मग बाकीचे ९२,०००. ट्रान्सपोर्टचे ८,५०० वेगळे.

तो फोटो मी आता रोज उघडून बघतो. चंदेरी रंग ताजा, आणि आकड्यांच्या खाचांत रंगच नाही, कोरा धातू चमकतोय. म्हणजे आधी रंग मारला, मग माझाच नंबर ठोकला! बाजूला मूळ पट्टीच्या रिव्हेटची दोन रिकामी भोकं. सगळं डोळ्यांसमोर होतं. गोदामात माल अडकलेला, भाड्याच्या मशीनचं मीटर चालू. अशा वेळी खाचांतला रंग कोण बघतो?

आपला नंबर आधी कधीच देऊ नका, त्याच्याकडून मागा. पट्टी बदलता येते, केसिंगवरची ओतीव अक्षरं सहजी बदलता येत नाहीत. त्यांचा फोटो मागवा.

माल आला, पेटी फोडली. मेकॅनिकने बेल हाउसिंगमध्ये, म्हणजे बॉक्सच्या इंजिनाकडच्या तोंडात, हात घातला आणि थांबला. "बाब, हो आमचो न्हय." आमचा टॉर्क कन्व्हर्टरवाला, म्हणजे इंजिनाची ताकद तेलातून घेणारा; आलेला साध्या क्लचवाला, क्लच दाबणाऱ्या फोर्कची खाच स्पष्ट दिसत होती. शाफ्टचे दातेही वेगळे. जुना बॉक्स आम्ही आधीच उतरवून बसलो होतो, त्याची मजुरी ६,०००. नवा हातात येऊन जुळेपर्यंत जुना काढू नका.

चौकीवर गेलो तर म्हणे, माल मिळालाय ना, मग सिव्हिल मॅटर, वकील गाठा. खोटा नंबर ठोकून माल विकणं ही फसवणूक नाही तर काय? तीन खेपा झाल्या. दर वेळी साहेब बाहेर, दर वेळी नवा हवालदार, दर वेळी पहिल्यापासून सांगायचं. अर्जाची पोच मागितली तर उद्या या. बँक म्हणते, पैसे तुम्हीच पाठवलेत. ग्राहक आयोगाचं विचारलं तर वकील म्हणाले, वस्तू धंद्यासाठी घेतलेली, कठीण आहे. दिवसाढवळ्या लुटलेल्या माणसाने जायचं कुठे?

विकणाऱ्याचा जीएसटी नंबर जीएसटीच्या पोर्टलवर टाकून बघा. मी बघितला तो पैसे गेल्यावर, दुसऱ्याच नावाचा निघाला. ऑनलाइन पैसे गेले असतील तर त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. मी चार दिवस त्याच्या "बदलून देतो" वर थांबलो.

बॉक्स शेडमध्ये ताडपत्रीखाली आहे. सोमवारी चौथी खेप, छापलेला फोटो आणि भिंग घेऊन जातोय.